न चढलेल्या चिमणीचे आकडे

ऐंशीच्या दशकात हवा प्रदूषणाचा कायदा नवा होता आणि तो राबवणाऱ्या सरकारी कार्यालयात, नागपूरच्या सदर भागात, मी नुकताच नोकरीला लागलो होतो. रसायनशास्त्राची पदवी होती, प्रताप नगरात खोली होती आणि काम होतं कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर मोजायचं. कोळसा जळला की जो वायू वर जातो, ज्याच्यामुळे पृथ्वी तापते म्हणून आज सगळे बोलतात, तो तेव्हा आम्हाला कोणी मोजायला सांगत नव्हतं. आम्ही काजळी आणि धूळ मोजायचो. एकदा मी तीही मोजली नाही.

रामटेकच्या वाटेवरच्या एका गावातून एक बाई तक्रार घेऊन आल्या होत्या. वय पन्नाशीचं, घरची धानाची शेती, आणि बांधाला लागून कारखाना. त्यांनी पिशवीतून नवऱ्याचं धोतर काढून आमच्या साहेबांच्या टेबलावर पसरलं. त्यावर काळे ठिपके होते.

"सकाळी धुतलं जी. दुपारी दोरीवरून काढलं तं असं," त्या म्हणाल्या. "धानावर बी हेच बसून राह्यलं. वड्या वाळू घालाव तं कुठं घालाव?"

साहेबांनी मला तपासणीला पाठवलं.

धुराचा नमुना चिमणीच्या अर्ध्या उंचीवरच्या लोखंडी माचीवरून घ्यावा लागतो. तिथं भोक असतं, त्यातून नळी आत घालायची आणि पंपानं धूर ओढायचा. माझ्यासोबत कार्यालयाचा मदतनीस होता, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. पंप खांद्याला लावून तो म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी मागून येतो."

शिडी उभीच्या उभी होती. पंधरा-वीस पायऱ्या चढलो आणि खाली पाहिलं. तळहात इतके घामेजले, की दांडी हातातून निसटेल असं वाटलं. लहानपणापासून मला उंचीची भीती होती. नोकरीच्या मुलाखतीत ती सांगितली नव्हती. मी खाली उतरलो.

"आज वारा फार आहे," मी म्हणालो.

मदतनिसानं एकदा आभाळाकडे पाहिलं. झाडाचं पानही हलत नव्हतं. "हाव जी," एवढंच बोलून त्यानं पंप पेटीत ठेवला.

कारखान्याच्या मॅनेजरनं मला चहा दिला आणि कारखान्यानं स्वतः घेतलेले धुराचे आकडे समोर ठेवले. त्यानं मला पैसे दिले नाहीत, धमकावलंही नाही. कागद पुढे केला इतकंच. मी ते आकडे उतरवून घेतले. नक्कल वाटू नये म्हणून शेवटचे अंक थोडे बदलले.

महिनाभरानं कार्यालयात सुनावणी झाली. बाई गावातल्या दोघांना घेऊन आल्या होत्या. साहेबांनी माझा अहवाल वाचला आणि धूर मर्यादेत असल्याचं सांगितलं.

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "यायनं वरतं चढून मोजलं न जी?"

"हो, त्यांनीच मोजलं," साहेब म्हणाले.

मी मान खाली घालून फाईलची दोरी बांधत बसलो.

"मंग ठीकच असन," त्या म्हणाल्या. भांडल्या नाहीत. धोतराची घडी करून पिशवीत ठेवली आणि निघून गेल्या. त्यांच्यासोबतचा एक जण जिन्यात त्यांना म्हणाला, "उगाच आणलं तुनं आमाले." ते मला आतपर्यंत ऐकू आलं.

पुढच्या वर्षी आमच्याकडे एक नवी मुलगी रुजू झाली. त्याच कारखान्याच्या तपासणीला ती त्याच मदतनिसासोबत गेली, ओढणी कमरेला बांधून माचीपर्यंत चढली आणि खरा नमुना घेऊन आली. आकडा मर्यादेच्या कितीतरी पुढे होता. कारखान्याला नोटीस गेली, धूळ अडवणारं यंत्र बसवायचा हुकूम निघाला. मागच्या वर्षी इतका कमी आकडा कसा आला, असं साहेबांनी मला विचारलं.

"पंपात बिघाड असेल," मी म्हणालो. मदतनीस दारातच उभा होता. त्या दिवसापासून त्यानं माझ्यासोबत डबा खाणं सोडलं.

त्यानंतर एका रविवारी मी बसनं त्या गावाला गेलो. बाई अंगणात धान पाखडत होत्या. त्यांनी मला ओळखलं, बसायला खाट दिली. मी सगळं सांगितलं: चढलो नव्हतो, आकडे उतरवले होते.

सूप हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "मंग मी खोटी ठरली तवा तुमाले मालूम होतं?"

"हो मावशी."

"अन् आता काहून सांगून राह्यले?"

खरं तर मनावरचं ओझं उतरावं म्हणूनच मी आलो होतो, त्यांच्यासाठी नव्हे. ते त्यांना कळलं असावं.

"गाव मले सालभर हासलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यायले सांगा न. मले काय सांगता, मले तं मालूमच होतं."

त्या पुन्हा पाखडायला लागल्या. पारावर चार-पाच माणसं बसली होती. त्यांच्यापर्यंत जाऊन बोलायला हवं होतं. मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून चालत गेलो आणि नागपूरची बस पकडली.