वेईने काकांना दिलेला वेळ

दाऊदचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "ताई, वेई गेला. झोपेतच. तुम्ही या, इथे कोणाला काय सुचत नाही." इथे बहारीनमध्ये गुदैबियातल्या माझ्या घरून उम्म अल हस्समला त्याच्या खोलीवर टॅक्सीने जाईपर्यंत मला रडू आलं नाही, संतापच येत राहिला. पस्तिशीसुद्धा न गाठलेला माणूस असा न सांगता निघून जातो, आणि तोही आमचं भांडण अर्धवट सोडून! आता महिना उलटला, तरी राग उतरलेला नाही. ज्यांना हा स्मृतिलेख हळवा हवा असेल त्यांनी इथेच थांबावं.

वेई हाँगकाँगचा. तिथे कायद्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून तो बहारीनला आला, कारण इथे त्याच्या काकांचं फरशांचं दुकान होतं आणि त्याची फी काकाच भरत होते. राहिलेला अभ्यास तो पोस्टाने करायचा. तेव्हा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर काकांनी घेतलेल्या खोलीत राहायचा आणि दाऊदचं ऐकून मलाही ताईच म्हणायचा. दाऊद श्रीवर्धनचा, काकांच्या दुकानातला ड्रायव्हर. शुक्रवारी दोघे आमच्याकडे जेवायला असायचे. वेईला कॉलेजचे किस्से सांगायला फार आवडे. एकदा त्यांच्या सरांनी वर्गाला विचारलं, वडिलांनी गुन्हा केला तर त्यांच्याविरुद्ध साक्ष कोण देईल? उत्तरपत्रिकेत सत्य आणि न्यायावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या त्या वर्गात एकही हात वर झाला नाही. "तुझा?" मी विचारलं. "अर्धा," तो म्हणाला, आणि आम्ही पोट धरून हसलो होतो.

मग ती संध्याकाळ आली. बुसैतीनमध्ये माल उतरवून परतताना काकांनी व्हॅन मागे घेतली आणि एका म्हाताऱ्या माणसाचा पाय चाकाखाली आला. म्हातारा वाचला, पण काकांनी पोलिसांना सांगितलं की गाडी दाऊद चालवत होता. दाऊद कोठडीत गेला. मी भेटायला गेले तर म्हणाला, "ताई, चावी शेठच्या हातात होती. पण माझं कोण ऐकणार? वेईला विचारा, तो पुढेच बसला होता."

विचारलं. वेईने एका शब्दानेही नाकारलं नाही. पण पोलिसांत जाण्याऐवजी तो रोज दुकान बंद झालं की काकांकडे जायचा, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे चहा ठेवायचा आणि उभ्यानेच म्हणायचा, काका, तुम्ही स्वतः जाऊन खरं सांगा. काका चहा प्यायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. मोठ्यांची चूक आधी त्यांना एकांतात सांगायची, पुन्हा पुन्हा सांगायची, सुधारायला वेळ द्यायचा, चारचौघांत त्यांना मान खाली घालायला लावायची नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. मी ओरडायचे, "अरे, तू कायदा शिकतोस की चहा करायला?" तो शांतपणे म्हणायचा, "ताई, मी गेलो तर दाऊद सुटेल. काका गेले तर दोघे सुटतील."

वाक्य सुंदर आहे, मला मान्य आहे. पण सुंदर वाक्यांनी कोठडीचं कुलूप उघडत नाही! त्यात त्यांचं चिनी नववर्ष आलं. त्या दिवसांत घरात अभद्र बोलायचं नाही, म्हणून विषयच बंद. आम्हीही पितृपंधरवड्यात नवी गाडी घेत नाही, पण त्यासाठी कोणाला आत बसवून ठेवत नाही. तिकडे श्रीवर्धनला दाऊदच्या बहिणीचं लग्न भावावाचून लागलं. आईबापामागे त्यानेच तिला वाढवलं होतं.

सण संपल्यावर एके रात्री वेईने काकांना सांगितलं, "उद्या सकाळी मी जाणार. आज तुम्ही गेलात तर बरं होईल." काका गेले नाहीत. सकाळी वेई कोट-टाय घालून गेला आणि सगळं सांगून आला. दाऊद सुटला. काकांनी पुतण्याला "खलास" म्हणून त्या खोलीतून काढलं, दुकानातून काढलं, नात्यातूनही काढलं. वेई उम्म अल हस्समला राहायला गेला. आणि या शहाण्याने काय करावं? कायद्याचा अभ्यासच सोडला! "खरं बोलायला ज्याला एवढा वेळ लागतो त्याने दुसऱ्यांच्या साक्षी घेऊ नयेत," म्हणे. मी कपाळावर हात मारून घेतला. अरे बाबा, ज्यांना जन्मात तोंड उघडवत नाही ते काळा कोट घालून मिरवतात, आणि तू शिपिंग ऑफिसात बिलं टाईप करतोस? दाऊदने त्याला कधीच माफ केलं होतं. "त्याचा चाचा होता, ताई," एवढंच तो म्हणायचा. त्यावर मी दोघांवरही चिडायचे... वेई हसायचा. आमचं भांडण हे एवढंच होतं, आणि ते मी जिंकणार होते. अजून चार-दोन वर्षं मिळाली असती तर त्याला परीक्षेला बसवलंच असतं.

गेल्या आठवड्यात त्याची खोली रिकामी करायला मी आणि दाऊद गेलो होतो. इस्त्री केलेले पाच शर्ट, भात शिजवायचं भांडं, खिडकीत तुळशीचं रोप, माझ्याकडूनच नेलेलं. दारावर टकटक झाली. काका होते. मी त्यांना इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. केवढे वाकले होते. दाऊदला पाहून क्षणभर उंबऱ्यातच थांबले, मग आत येऊन त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि मला म्हणाले, "त्याने वकील व्हायला हवं होतं. चांगला झाला असता."

इतकी वर्षं मी या माणसाला काय काय बोलणार होते ते मला तोंडपाठ होतं. न अडखळता, इंग्रजीत. दाऊद माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं... आणि "बसा, काका," म्हणून त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.