भाचीचे पाय

आमच्या अमरावतीत बाई रस्त्यानं धावताना दिसली की लोकांना एकच वाटतं, हिच्या घरी कोणीतरी गेलं. पहिल्या हिवाळ्यात मी राजापेठेतून बडनेऱ्याच्या रस्त्याला धावत निघायचे, तेव्हा रोज कोणी ना कोणी गाडी थांबवायचं. "काय झालं ताई? दवाखान्यात जाऊन राहिल्या का? बसा, सोडून देतो." मी म्हणायचे, काही नाही झालं, मी धावून राहिली. तो माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे. कुत्रं लागलं का, चोर लागला का. मागे काहीच नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडायचा की मी त्याची फसवणूकच केली.

मी शाळेत गणित शिकवते, लेकरं मोठी झाली आहेत, आणि मला धावायला आवडतं. यात न समजण्यासारखं काय आहे? वजन कमी करायचं नव्हतं, कुठला आजार नव्हता. पण आपण कारण दिलं नाही की लोक स्वतःच चिकटवून मोकळे होतात. शेजारच्या काकूंनी गल्लीभर सांगितलं की हिला शुगर निघाली. एका लग्नात वाढणाऱ्यानं माझ्या ताटापुढून जिलबी तशीच पुढे नेली, माझ्या डोळ्यांदेखत.

आणि थंडी. पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, तुमच्याकडे कुठली आली थंडी, तुमच्याकडे तर नुसतं ऊन. या म्हणावं डिसेंबरात पहाटे, स्वेटर घरी ठेवून. टाकीतलं पाणी हाताला चावतं. चौकाचौकात शेकोट्या पेटतात, त्यालाही माझी ना नाही. लाकूड जाळा, कापसाची पऱ्हाटी जाळा. हे लोक टायर जाळतात. मी छाती भरून श्वास घेत येणार आणि तो सगळा काळा धूर आत जाणार. वरून शेकोटीभोवतीचे कानटोपीवाले मलाच विचारणार, "बाई, थंडी नाही लागत का तुमाले?" लागते ना बाप्पा. सगळ्यांना लागते. पण त्या चौकात हलत असलेली मी एकटीच.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी गुडघा सुजला. डॉक्टरांनी गुडघ्याच्या आधी माझं वय पाहिलं आणि म्हणाले, "आता धावायचं वय आहे का तुमचं? चालत जा." गुडघ्याला हात लावला नाही. फी मात्र पूर्ण गुडघ्याची. मी चिडून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मांडीचे व्यायाम दिले, ते मी उन्हाळाभर स्वयंपाकाच्या ओट्याला धरून केले. जरा बरं वाटायला लागलं तर पावसाळ्यात चिकनगुनिया झाला. बोटं वळेनात, वर्गात खडू धरता येईना. घरचे, दारचे सगळे म्हणाले, बघ, सांगितलं होतं. डासाचा आणि धावण्याचा काय संबंध, हे मी विचारलं, तर म्हणाले, आता वाद नको घालू, आराम कर.

आराम केला, आणि पुढच्या हिवाळ्यात अकोल्याच्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव दिलं. मुद्दाम अकोल्याला. तिथं मला ओळखणारं रस्त्यात कोणी भेटणार नाही, गाडीवर बसा म्हणणार नाही. मला जिंकायचं नव्हतं. मला फक्त एकदा, सुरू केलेलं स्वतःच्या पायांनी संपवायचं होतं.

पण अकोल्यात माझे मामा राहतात, ते मी हिशेबात धरले नव्हते.

मामा मूळचे हिवरखेडचे. नोकरीसाठी अकोल्यात आले आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिले. आमच्याकडे भाची मानाची असते. मामा वयानं कितीही मोठा असो, भाची भेटली की तो तिच्या पाया पडतो. मला याची लहानपणापासून लाज वाटते. पांढऱ्या केसांचा माणूस वाकला की मी पाय मागे घेते, मामा एक पाऊल पुढे येतात, मी आणखी मागे. दर भेटीत आमची ही ओढाताण भिंतीपर्यंत जाते. शेवटी ते अंगठ्याला बोट लावतातच, आणि मला कुठं तोंड लपवावं असं होतं.

त्या शर्यतीत शेवटचे दोन किलोमीटर राहिले होते. पोटरीत गोळा आला आणि मी लंगडायला लागले. असा गोळा मला नवा नव्हता. थोडं लंगडलं की सुटतो. तेवढ्यात समोरून मामा, स्कूटरवर, हँडलला दुधाच्या पिशव्या.

"कावून लंगडून राहिली वं? बस."

"मामा, शर्यत आहे. थोडंसंच राहिलं, मले पूर्ण करू द्या."

"शर्यत गेली चुलीत. माही भाची माह्या गावात लंगडत जाईन, अन् मी स्कूटरवर? लोक शेण घालतीन माह्या तोंडात."

त्यांनी स्कूटर आडवी घातली आणि माझा दंड धरला. शर्यतीचे दोन स्वयंसेवक धावत आले. मला वाटलं सोडवायला आले. ते म्हणाले, "बरं झालं काका तुम्ही आले, घेऊन जा मॅडमला." एकानं छातीवरचा नंबर काढून घेतला, दुसऱ्यानं मला स्कूटरवर बसवून दिलं. मांडीवर दुधाच्या पिशव्या. शर्यतीतले लोक बाजूनं पळत पुढे जात होते, आणि माझ्यापेक्षा हळू असलेल्या एक आजी मला हात हलवून गेल्या.

घरी मिठाच्या गरम पाण्यात माझे पाय ठेवले. मामींनी आलूबोंडे आणि कढी केली. मामा फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होते, मी वेळेवर पोचलो म्हणून, नाहीतर पोरीचं काही खरं नव्हतं. मी आलूबोंडे खाल्ले. चांगले झाले होते, त्याचाही राग आला.

लोक विचारतात, एवढ्या थंडीत उठायची हिंमत कुठून आणता. मोबाइलवर सुविचार येतात, डोंगर, उगवता सूर्य, हात पसरून उभा असलेला माणूस. त्यातल्या एकानंही मला कधी रजईतून बाहेर काढलेलं नाही. मला रागानं काढलं. गजर वाजला की गुडघा म्हणायचा झोप, अंग म्हणायचं झोप, आणि मग मांडीवरच्या त्या गार पिशव्या आठवायच्या. ते दोन किलोमीटर माझे होते. कोणाच्या मायेनं, कोणाच्या इज्जतीपायी ते माझ्याकडून काढून घ्यायचे? मी बूट बांधून बाहेर पडायचे, धूर असो की धुकं.

यंदाच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मामांचा फोन आला. "येऊन राहिली का? पाय कसे आहेत?"

"मामा, उद्या मधे आले तर तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही."

मामा मग म्हणाले, "बरं."

गार वारा होता, बोटांना बधिरी आली होती. आणि काय सांगू, त्याच रस्त्यावर पुन्हा तोच गोळा. लंगडत वळण घेतलं तर समोर मामा, गळ्याला मफलर, स्कूटर स्टँडवर लावलेली. मला पाहून ते रस्त्यात उतरले. त्यांचा हात पुढे आला.

"हात लावू नका मामा."

हात तिथंच थांबला. ते माझ्या बाजूनं भराभर चालायला लागले. "दुखून राहिलं का?"

"हो, दुखतं. दुखू द्या."

"मंग पाया तरी पडू दे. घडीभर थांब. भाची गावात आली अन् मी तशीच जाऊ देऊ?"

"थांबत नाही. पाय पाहिजेत ना? तर शर्यत संपते तिथं या."

मागं वळून पाहिलं नाही. मामा थोडा वेळ ओरडत राहिले, मला नाही, पुढच्या लोकांना. "सरका बाजूले, माही भाची धावून राहिली." भर रस्त्यात. मला इतका संताप आला की गोळा केव्हा सुटला ते कळलंच नाही.

मी शेवटची रेषा ओलांडली आणि दुभाजकाच्या कडेला बसून बूट काढले. मोजा फोडाला चिकटला होता. एक नख काळं पडलं होतं. मामा स्कूटरवरून उतरले, जवळ आले, पायांकडे बघत उभे राहिले.

"काय करून घेतलं वं हे," ते म्हणाले.

मग चपला काढून, गुडघ्यावर हात ठेवत, ते वाकायला लागले. एवढी वर्षं मी पाय मागे घेत आले. मान मला नुसता जन्मानं मिळालेला, पायांनी त्यासाठी काहीच केलेलं नव्हतं.

आज मी ते पुढे केले.