धकाते डायजेस्टची वाट पाहतो

किस्से शोधायला जावं लागत नाही. ज्याच्या डब्यात लोणचं असतं त्याच्याकडे जसे सारे सरकत जातात, तसे किस्सेही एखाद्याच माणसाकडे सरकतात. आमच्या पोलादाच्या मिलच्या रेस्टरूममध्ये तो माणूस म्हणजे धकाते. मूळ भंडाऱ्याकडचा, क्रेन चालवायचा, स्वभावानं गाय. आणि त्याच्या शेजारी बसणारा मी, म्हणजे गाईच्या कानातली गोचीड!

आम्ही सारे बायकापोरांची माणसं, पण कॉमिक्सचं वेड भारी. मी आठवीतच शाळेला रामराम ठोकलेला. जे काही हिंदी वाचतो ते कॉमिक्सच्या कृपेनं. दर महिन्याला रायपूरहून बसनं गठ्ठा यायचा. बस वाटेत कुम्हारीला अडकली तरी आम्ही पॉवर हाऊसच्या बाजारात पांडेजींच्या पुस्तकांच्या स्टॉलवर चिटकून उभे. तेव्हा एक मालिका जोरात होती. एक बुरखेवाला गावोगावचे खजिने लुटतो. बुरख्याआड कोण? आंधळा वैद्य, जमीनदार, की इन्स्पेक्टरची सख्खी बहीण? अंक नेमका मोक्यावर संपायचा, बाकी पुढच्या महिन्यात.

धकाते मात्र अंक घेईना. "पुरी मालिका झाली का सारे अंक मिळून जाडं डायजेस्ट निघते. मी तेच घेईन."

"तवरीक काय करशील बे?" मेश्रामनं विचारलं. हा आमच्यातला तिसरा.

"थांबीन. तुम्ही एकेक शीत चाटून राहिले. मी पंगतीत बसून जेवीन."

त्याला एवढंच हवं होतं की, डायजेस्ट हाती येईपर्यंत बुरखेवाला कोण ते कळू नये. आणि आम्हाला पाहायचं होतं, माणूस टिकतो किती!

* * *

नवा अंक आला की मी रेस्टरूममध्ये मुद्दाम मोठ्यानं वाचायचो. धकाते मिलमधले इअरप्लग कानात कोंबून डबा खायचा.

एकदा सेफ्टी ऑफिसर आत डोकावले. साऱ्यांचे प्लग खिशात, आणि हा जेवतानाही कान जपतो! साहेब गहिवरले. सेफ्टी वीकमध्ये स्टेजवरून धकातेचं नाव पुकारलं. धकाते जागचा हलेना. पुन्हा पुकारलं. साहेब माइकवर कौतुकानं म्हणाले, "शरमा रहे हैं."

शरमत कुठला? शेजारी मी बसणार हे ठाऊक होतं, म्हणून गडी प्लग घालूनच आला होता.

* * *

मग मालिका संपली. आम्हाला शेवट कळला, डायजेस्टचा पत्ता नाही. आता प्लगही बेकार, कारण मी खडू उचलला. क्रेनच्या शिडीवर लिहिलं, "वैद्य." दुसऱ्या दिवशी, "जमीनदार." मग, "बहीण." नावं संपली तेव्हा लिहिलं, "इन्स्पेक्टरचा घोडा."

धकाते शिडी उतरून माझ्याकडे आला. "नाना, घोड्याले बुरखा कसा बांधता येईन बे?"

"म्हणजे तू विचार करून राहिला."

"मी? मी काहीच विचार नाही करून राहिलो."

गेला. चहाच्या वेळी पुन्हा आला, आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "घोडा कोण्या रंगाचा होता गा?"

* * *

एका रविवारी त्याच्या क्वार्टरवर गेलो, तर तो सुपेल्याच्या बाजारात. शोभावहिनींनी चहा दिला आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, दिवाळीच्या महिन्याचा अंक हाय का तुमच्यापाशी? माझा तेवढाच वाचायचा राहिला."

बाईनं गव्हाच्या कोठीत हात घालून बाकीचे सारे अंक काढून दाखवले!

"ह्यांले सांगू नोका. जेवताना हे अंदाज सांगतात, हा असन का तो असन, आन् माझ्या तोंडाकडे पाह्यतात. मले हसू येते. म्हणून मले आजकाल पाठ फिरवूनच बसा लागते."

आणि इकडे धकाते आठवडाभर मला विचारत होता, "नाना, शोभा कावून रुसली असन गा?"

* * *

शेवटी डायजेस्ट आलं. धकातेनं हाफ डे टाकला. मेश्राम आणि मी त्याच्या व्हरांड्यात, वहिनी दारात. तो पुस्तक वाचतो, आम्ही त्याचं तोंड वाचतो.

बुरखा उतरायचं पान आलं. धकातेनं लांब श्वास सोडला. "वैद्य होय तर."

आम्ही टाळ्या वाजवल्या. सहीसलामत पोचला होता बिचारा! "झालं बे, ऊठ."

तो उठला नाही. आमचा शेवटचा अंक इथंच संपला होता, पण त्यानं पान उलटलं. मग आणखी एक.

"आता काय वाचून राहिला? खतम झाली नं," मेश्राम म्हणाला.

"तुमची झाली."

आम्ही वाकून पाहणार, तोच त्यानं पुस्तक छातीशी धरलं. तसंच तिरकं धरून शेवटपर्यंत वाचलं आणि इतका हसला की खुर्ची मागं सरकली. मग पुस्तक वहिनींच्या हाती दिलं. त्यांनी उभ्या उभ्या मागची पानं वाचली आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाई! आन् मी तं त्या वैद्यालेच..." एवढं बोलून जीभ चावली.

धकातेनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्याच्याकडे. दोघंही पुन्हा हसायला लागले.

"सांग नं बे, कोण होय मंग?" मी म्हणालो.

"तुम्ही तर सारे अंक वाचले नं?" धकाते म्हणाला आणि डायजेस्ट घेऊन आत गेला.

मी सायकल काढली ती थेट पॉवर हाऊस. पांडेजी स्टॉल आवरत होते.

"अब कहाँ से लाऊँ? एक ही मँगाई थी," ते म्हणाले. "आप ही तो बोले थे, सब पढ़ लेने के बाद ये मोटी किताब कौन पागल खरीदेगा."