उन्हात घामेजलेली बरणी

सोलापूरच्या सात रस्ता चौकात भर उन्हात केलेला तो पंचनामा आठवला की म्हातारपणीही अंगात वीज संचारते!

गोऱ्या साहेबांच्या राज्यातली गोष्ट. मी सोलापुरात फौजदार होतो. एका कापडव्यापाऱ्याच्या घरातून निळ्या वेलबुट्टीची चिनी बरणी नाहीशी झाली. तीन पिढ्या तिच्यात लोणचं मुरत होतं. आळ आला स्वयंपाकाच्या बाईवर. सांगोल्याकडची होती. तिला मी गल्लीदेखत चौकीवर आणलं. "सायेब, मी न्हाय घेतली. लेकरांची आन हाय," एवढंच ती पुनःपुन्हा सांगे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बरणी सापडली नाही, तर तिची रवानगी तुरुंगात होणार होती.

दुपारी खबऱ्या धापा टाकत आला. सात रस्त्यावरचा एक भांडीवाला तसलीच बरणी दोनशे वर्षांची म्हणून मुंबईच्या गिऱ्हाइकाला विकत होता, आणि गिऱ्हाईक संध्याकाळच्या गाडीनं निघणार होतं. दोन पंच घेतले नि धावलोच!

बरणी समोरच होती. पण दुकानदार बेरकी. "कायतरीच काय सायेब! परवाच मुंबईहून पेटी आली की. नवी कोरी हाय." घासूनपुसून ती नवी दिसतही होती.

मी त्याच्याच दुकानातली दुसरी, नवी बरणी मागितली. दोन्ही पालथ्या घातल्या. बुडाच्या कडेला झिलई नसते. तिथं कापसाचा पुंजका फिरवला. नव्या बरणीच्या खरबरीत कडेला तंतू अडकले. हिच्यावरून पुंजका सर्रकन घसरला! फरशीवर सरकून सरकून कड पार गुळगुळीत झाली होती.

"बरं, जुनी आसंल. पण त्यांचीच कशावरून?"

चिवट गडी! मग मी बरणी उन्हात ठेवली. सोलापूरचं ऊन ते, थोड्याच वेळात बुडाला तेल पाझरू लागलं. इतक्या वर्षांचं मुरलेलं तेल घासून थोडंच जातंय? पंचांनी वास घेतला. हिंग, मेथी, मोहरी!

"पेटीतनं लोणचंपण आलं व्हय रं?" मी गरजलो. तेव्हा कुठे तो बोलता झाला. बरणी त्याला आणून विकणारा त्या कापडव्यापाऱ्याचाच सख्खा पुतण्या होता.

चौकीवर येऊन बाईला म्हटलं, "जा, सुटलीस." ती जागची हलेना.

"सायेब, मला गल्लीदेखत आणलं. आता तितंच चला आनि सांगा."

गेलो. व्यापाऱ्याच्या दारात उभा राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "हिनं चोरी केलेली नाही!" शेजारपाजारचे बाहेर आले. मी पुन्हा सांगितलं. मग ती रडली, कोठडीतही रडली नव्हती अशी.

तेव्हापासून नियमच केला. चारचौघांत उचललेलं माणूस निर्दोष निघालं, तर ते सांगायलाही मी स्वतः चारचौघांत जायचो.