मास्तरांचा रुमाल

रोज सकाळी पैठणच्या एसटीत माझ्यासोबत एक इंग्रजीचे मास्तर असतात. नाव मी कधी विचारलं नाही. उस्मानपुऱ्यात राहतात, पैठणला शिकवतात आणि वाटेत फोनवर शिकवणी घेतात, तीही अशी की अख्ख्या गाडीचं इंग्रजी सुधारावं.

परवा बळकावण्याची क्रियापदं चालली होती. "ग्रॅब म्हणजे झडप घालून घेणं. सीझ म्हणजे जप्त करणं. कॅप्चर म्हणजे लढून काबीज करणं. आन् यूसर्प म्हणजे हक्क नसताना दुसऱ्याच्या गादीवर बसणं. लई फरक हाय, बेटा!"

हे सगळं ते खिडकीच्या जागेवर बसून सांगत होते. गाडी फलाटाला लागायच्या आतच त्यांनी बाहेरून खिडकीतून तिथं आपला चौकडीचा रुमाल टाकला होता. त्यांच्या आधी चढलेल्या एक बाई तो रुमाल बघून मुकाट्यानं मागं गेल्या होत्या.

फोन संपल्यावर मी विचारलं, "सर, रुमाल टाकण्याला यातलं कोणतं लागू पडतं?"

ते दुखावले. "ह्यात जबरदस्ती कुठं आली? रुमालानं कुणाला हात तरी लावला का?"

बिडकीनला मी पाण्याची बाटली घ्यायला उतरलो. परत येतो तर माझ्या जागेवर रुमाल.

"आमचे हेडमास्तर चढतेत इथून," मास्तर अगदी अदबीनं म्हणाले.

हेडमास्तर काही आले नाहीत. पैठण येईपर्यंत माझ्या जागेवर रुमाल ऐसपैस बसला होता आणि चारही क्रियापदं तोंडपाठ झालेला मी शेजारी दांडी धरून उभा होतो.