बाबांचं हॅलो

अल्फारेटाहून सकाळी दहाला निघालो, तेव्हा गाडीत मी, शेजारी समीर आणि मागच्या सीटवर बुंदीच्या लाडवांचा डबा. समीर पुण्याचा, माझ्याच ऑफिसातला. आमच्या टीममधल्या डेनिसने आम्हां दोघांना तिच्या गावी बोलावलं होतं. जॉर्जियातच, दक्षिणेकडे दोन तासांवर. निमित्त ज्युनटीन्थचं (एकोणीस जूनचा मुक्तिदिन). गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली, पण टेक्सासमधल्या गुलामांपर्यंत ती पोचायला अडीच वर्षं लागली. ती बातमी तिथे पोचली, तो हा दिवस.

हायवेला लागतोय तोच नागपूरहून बाबांचा फोन. गाडीच्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला.

"हॅलो. जेवला का?"

"बाबा, इथं सकाळ आहे."

"हो रे, विसरलोच."

मग गुडघ्याची चौकशी, उन्हाची चौकशी, आणि फोन संपला. समीर म्हणाला, "काका किती हळू बोलतात यार."

बाबा हळू बोलतात हे ऐकून आमची अख्खी गल्ली हसली असती. पोस्टात नोकरीला होते तेव्हा त्यांचा आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत जायचा. फोनसुद्धा पूर्वी "जय भीम, बेटा" अशा दणक्याने सुरू व्हायचा. तीन वर्षांपूर्वी असाच मित्रांसोबत गाडीत होतो, तो आवाज स्पीकरवर घुमला आणि मी घाईघाईने फोन कट केला. नंतर खापर नेटवर्कवर फोडलं. बाबांनी काही विचारलं नाही. पुढच्या फोनपासून ते "हॅलो" म्हणायला लागले.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून कोणाला काही कळत नाही. अल्फारेटात आलो त्या वर्षी गणपतीच्या जेवणात कोणीतरी 'कोट्यातून आलेल्यां'वर विनोद केला आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. तेव्हापासून गप्प आहे. कोणी मला मारलं नाही, नोकरीवरून काढलं नाही. तरी गप्प आहे.

डेनिसचं गाव म्हणजे एक चर्च, एक पेट्रोल पंप आणि तांबडी माती. कार्यक्रम चर्चमागच्या मैदानात, मोठमोठ्या झाडांच्या सावलीत होता. उतरताच लक्षात आलं, की टेबलावर सगळं लालच आहे. कलिंगड लाल, केक लाल, जास्वंदीचं सरबत लालभडक. "सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून," डेनिस म्हणाली आणि माझ्या हातात ग्लास दिला. माझ्या लाडवांनी मात्र उन्हात मान टाकली होती, डब्यात नुसती बुंदी उरली होती. मुलांनी ती चमच्याने खाऊन संपवली.

समीर शाकाहारी. त्याने मोठ्या विश्वासाने हिरव्या पालेभाजीचे दोन डाव वाढून घेतले आणि अर्धी खाऊन झाल्यावर विचारलं, "ह्यात मांस नाही ना?" वाढणारी बाई म्हणाली, "डुकराच्या हाडाशिवाय ही भाजी शिजतच नाही, राजा." समीर बिचारा उरलेला वेळ कलिंगडावर राहिला.

जेवणानंतर डेनिसने तिच्या आजीशी ओळख करून दिली. नव्वदीच्या, पांढरी हॅट, पांढरा झगा. सगळे त्यांना मिस रूबी म्हणत होते. त्यांनी आम्हांला जवळच्या खुर्च्यांवर बसवलं आणि विचारलं, "तुमच्याकडे आहे का असा दिवस? तुमच्या माणसांच्या सुटकेचा?"

समीर लगेच म्हणाला, "पंधरा ऑगस्ट. इंग्रज गेले तो."

मिस रूबी माझ्याकडे वळल्या. "आणि तुझा?"

माझ्या डोळ्यांसमोर सहा वर्षांचे बाबा उभे राहिले. पांढरा सदरा घालून, आजोबांच्या खांद्यावर, छप्पन साली, धम्मदीक्षेच्या दिवशी दीक्षाभूमीवरच्या त्या गर्दीत. ही गोष्ट बाबांनी मला शंभरदा सांगितली आहे. आजोबांना गावच्या विहिरीवर चढायला बंदी होती, आणि त्या दिवशी परतताना ते रस्त्याच्या मधोमध चालले, हेही. सांगायला दोन मिनिटं लागली असती. शेजारी समीर कलिंगडाच्या बिया काढत होता.

"तोच," मी म्हणालो. "पंधरा ऑगस्ट."

"दोघांचा एकच?"

"एकच."

मिस रूबींनी मान डोलावली. मग स्वतःच्या आईबद्दल सांगू लागल्या. आई गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची. दरवर्षी या दिवशी सुट्टी मागताना सांगायची, घरच्यांची सहल आहे. सणाचं नाव तिने त्या घरात कधी उच्चारलं नाही. "उच्चारलं असतं तर काम गेलं असतं," मिस रूबी म्हणाल्या. "शेवटच्या आजारपणात मात्र मला म्हणाली, एकदा तरी मोठ्याने म्हणायला हवं होतं गं."

 त्या माउलीला पोटाची भीती होती. माझी भीती कसली? समीर चांगला मुलगा आहे. फार तर म्हणाला असता, "अरे, कधी बोलला नाहीस!" आणि त्यानंतर कधी 'कोट्या'चा विषय निघाला, की माझ्याकडे बघून क्षणभर थांबला असता. त्या एका क्षणाला घाबरून मी आजोबांना आणि बाबांना त्या मैदानात नाकारलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

परतताना समीर म्हणाला, "भारी होत्या आजी. मोठ्याने म्हणायला हवं होतं, हे काय बोलल्या यार."

"समीर, तुला एक सांगायचं होतं."

"बोल ना."

समोर पुढच्या एक्झिटची पाटी दिसली. "कॉफी घेऊ या?" मी म्हणालो.

त्याला सोडून घरी पोचलो, तेव्हा आठ वाजून गेले होते, अजून उजेड होता. नागपुरात साडेपाच, म्हणजे बाबा उठून चहा ठेवत असणार. गाडीतच बसून फोन लावला.

"हॅलो," बाबा म्हणाले.

"जय भीम, बाबा."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, आज खरंच नेटवर्क गेलं. मग ते बोलले, पण तो जुना दणका नव्हता. अगदी दबक्या आवाजात, माझी काळजी घेत.

"जय भीम, बेटा. बाजूला कोणी नाही ना रे?"

"नाही, बाबा," मी म्हणालो.

खरंच कोणी नव्हतं. समीरला उतरवूनच मी फोन लावला होता.