वर्तक सरांचा ठोका

वर्तक सर गेल्याचा फोन रोह्याहून आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "बरं," म्हटलं आणि उरलेली भाजी निवडून टाकली. त्याला महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, मला ते जमणार नाही. पेणच्या शाळेत आम्ही दोघं गणित शिकवायचो आणि त्यांची शिकवायची तऱ्हा मला शेवटपर्यंत सहन झाली नाही.

नववी माझी, दहावी त्यांची. मी मुलांना उन्हात नेऊन काठीची सावली मोजायला लावायचे, त्यावरून पाण्याच्या टाकीची उंची काढून घ्यायचे. सर प्रमेयं घोकून घ्यायचे. टेबलावर लाकडी पट्टीचा ठोका, मग प्रमेयाचा एक तुकडा, पुन्हा ठोका... अख्खा वर्ग बोटांनी बाकं वाजवत म्हणायचा. मी काही बोलले की म्हणायचे, "बाई, तुमची सावली बोर्डाच्या पेपरात पडत नाही." स्टाफरूम हसायची. निकालही दरवर्षी त्यांच्याच बाजूने लागायचा, ते जास्त खुपायचं.

जिते गावची वैशाली माझ्या नववीत होती. टाकीची उंची सगळ्यांत आधी तिने काढली, तीही स्वतःच्या रीतीने. तिला शिक्षिका व्हायचं होतं, पण दहावी पास झाली तरच पुढे शिकवीन असं बापाने बजावलं होतं. सरांनी तिची रीत खोडली. "पुस्तकात आहे तेवढंच. ठोका धर." मुकाट पोरगी, तिने धरला.

बोर्डाच्या पेपरला बाहेरचे पर्यवेक्षक होते. चहूकडून टकटक सुरू झाली तशी त्यांना वाटलं, पोरं एकमेकांना खुणा करताहेत. "बोट वाजलं तर पेपर काढून घेईन," त्यांनी दम दिला. बाकीच्यांनी मांडीवर ठोके देऊन निभावलं. वैशाली घाबरून हात दाबून बसली. प्रमेय आलं नाही आणि तिची जुनी रीतही आठवेना. गणितात गेली. बापाने ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसवलंच नाही. मी सरांना जाब विचारला, तर पट्टी पुसत म्हणाले, "ठोका चुकली असेल." त्या 'असेल'साठी मी त्यांना माफ केलेलं नाही, आजही नाही.

वैशाली आता पेणमध्ये शिवणकाम करते. गेल्या आठवड्यात ब्लाऊज टाकायला गेले. "बाई, सर गेले ना," म्हणाली आणि चक्क रडली. माझे डोळे कोरडेच. मग तिने कापड पसरलं, टेप लावली, उजव्या हातात खडू घेतला आणि डाव्या हाताचं बोट टेबलावर आपटू लागलं. मी बघतेय हे पाहून ती ओशाळली.

"कापायच्या आधी पडतोच ठोका, बाई. थांबत नाय."

"आणि प्रमेय?"

"ते नाय येत."

मी तिच्या बोटावर हात ठेवला. हाताखाली ते चालूच होतं...